केळीबाग आडवी झाली की

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या झाल्या, की भुसावळच्या माझ्या खोलीत गर्दी वाढते. मी समुपदेशक. पैशाचं नंतर बघू ताई, आधी झोप लागू द्या, हे वाक्य आता पाठच झालंय.

मागे एक काका आले. बाग निसवलेली होती, घड भरत आले होते, अर्ध्या तासात सगळं भुईसपाट. बोलताना ते अंगठ्याने बोटांवरचे चिकाचे काळे डाग खरवडत होते. पंचनामा झाला का विचारलं, तर म्हणाले, ‘झाला. पण मीच करंटा, ताई. गावात तोंड कसं दाखवू?’

संयुत्त निकाय या पाली ग्रंथात बुद्धांनी दोन बाण सांगितलेत. पहिला अंगाला लागतो, दुसरा आपण मनाला मारून घेतो. बाग गेली हा पहिला. तो खरा आहे, तो नाकारायला मी कधीच सांगत नाही. ‘मीच करंटा’ हा दुसरा, आणि माझं काम तिथे सुरू होतं. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमधले हेच आपोआप येणारे विचार धरून उपचारपद्धती उभी केली. २००५ मध्ये स्वीडनमध्ये दलाई लामांशी त्यांची जाहीर चर्चाही झाली. त्याआधी १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना ध्यान शिकवायला घेतलं. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी बेक यांचे विचार आणि हे ध्यान असे दोन्ही धागे आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात जोडले, नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून. त्यांचा तीन मिनिटांचा श्वासाचा सराव मी रोज वापरते. आठ आठवडे सलग येणारा शेतकरी मला अजून भेटायचाय!

काकांना मी डोळे मिटायला लावलं नाही. डागावरचा अंगठा तिथेच ठेवा म्हटलं, चिकट लागतंय की कोरडं? छातीत काय होतंय? आत्ता डोक्यात कोणतं वाक्य आलं? ‘तेच,’ म्हणाले, आणि कसंनुसं हसले.

माझी एक तक्रार आहे. आमच्या विहारात लहानपणापासून आधी पंचशील, मग ध्यान. दवाखान्यातल्या या अभ्यासक्रमाने शील बाजूला ठेवलं. सगळ्या धर्मांच्या रुग्णांसाठी ते ठीकच, पण इथे दुसरा बाण बुडवायला क्वार्टर लागते, तेव्हा पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं शील मला फार व्यवहारी वाटतं. उलट बाजूने, आमचीच माणसं खचलेल्याला थेट दहा दिवसांच्या विपश्यनेला धाडतात. अहो, शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं! गोळ्या लागणाऱ्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

आणि काकांसारखं कुणी आलं, की श्वासाच्याही आधी मी एक विचारते: फवारणीचं औषध घरात कुठे असतं? काकांचं खाटेखाली होतं. मुलाला फोन लावून ते त्याच संध्याकाळी चुलतभावाकडे हलवायला लावलं.