मेडिक्लेमवाल्यांना सुंता समजावता समजावता

मला शुगर आहे, आठ वर्षं झाली. गेल्या वर्षभरात खाली चार वेळा फंगल इन्फेक्शन झालं, खाज, चामडीला चिरा, लघवीला आग, आणि शेवटी चामडी मागे जायचीच बंद झाली. लाजेपायी मेडिकलमधून ट्यूब आणून लावत बसलो, तो वेळ फुकट गेला. युरोलॉजिस्टने बघितल्या बघितल्या सांगितलं, फायमोसिस आहे, सुंता करून टाका.

ऑपरेशनचं काही नाही हो, सकाळी गेलो संध्याकाळी घरी. डोकं खाल्लं ते टीपीए डेस्कने, म्हणजे हॉस्पिटलात मेडिक्लेमचं काम बघणाऱ्या काउंटरने.

पॉलिसीत वाक्य असतं की सुंता कव्हर नाही, आजारावर उपचार म्हणून गरजेची असेल तर सोडून. डेस्कवरच्या मॅडमनी अर्धंच वाचलं आणि भरल्या लॉबीत विचारलं, "सर, सुंता कशासाठी? धार्मिक आहे का?" मागच्या बाकावर आमच्या सोसायटीतले एक काका बसलेले! मी म्हटलं मॅडम जरा हळू. मग क्वेरी आली, ऑपरेशनचं कारण द्या. दिलं. परत क्वेरी, शुगर कधीपासून. जुन्या फायली शोधून दिल्या. मग म्हणे चोवीस तास ॲडमिट नाही, अहो डे केअर आहे ते, त्याच दिवशी घरी सोडतात! दोनदा तारीख पुढे गेली, दोन्ही वेळा मी उपाशीपोटी येऊन बसलेलो.

बसल्या बसल्या मोबाईलवर वाचलं, 2007 पासून डब्ल्यूएचओ आफ्रिकेतल्या एचआयव्ही जास्त असलेल्या देशांत पुरुषांना सुंता करून घ्या म्हणतेय, केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांत बाईकडून पुरुषाला होणारी लागण साधारण 60 टक्के कमी झालेली. आणि इथे माझं ऑपरेशन जणू हौसेचं! डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, ते वेगळं, त्याने कंडोम काही सुटत नाही, तुमचं करायचं कारण म्हणजे चामडी अशी अडकून राहिली की आत स्वच्छ होत नाही, सूज राहते, पुढे लिंगाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मी म्हटलं हेच लिहून द्या ना! पहिल्या पत्रात नुसतं 'सर्कमसिजन', म्हणजे सुंता, एवढंच होतं, तिथेच सगळं अडलेलं. वारंवार इन्फेक्शन, फायमोसिस, औषधाने फरक नाही, ऑपरेशन आवश्यक, एवढं लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी मंजुरी. तेव्हा पहिल्याच दिवशी असं पत्र घ्या.

हां, शुगर आधी आटोक्यात आणा, नाहीतर जखम भरायला वेळ लागतो. आणि लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही असं इन्फेक्शन होतं, माझी बदलली. टाके आपोआप विरघळतात. संबंध सहा आठवडे बंद. घरात लुंगी, चड्डीच्या भानगडीत पडू नका. काढलेली चामडी तपासणीला पाठवली होती, रिपोर्ट नॉर्मल आला.

क्लेम पास झाला, पण ग्लोव्ह्जचे पैसे कापलेच.