बाबूच्या वाट्यावर सही बाबूचीच

बाबा गेल्यावर डिचोलीजवळच्या घराची आणि काजूच्या बागायतीची वाटणी करायची वेळ आली. गोव्यात पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी समान वाटेकरी. म्हणजे दादा, मी आणि बाबू. बाबू ३४ वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच गोष्टी समजायला त्याला वेळ लागतो. वकील म्हणाले, "तुम्हीच त्याच्या कायदेशीर पालक व्हा, म्हणजे त्याच्या वतीने सही करता येईल. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली असे पालक नेमणाऱ्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करा."

मला ते पटेना. मी पालक झाले असते तर माझ्या वाट्यावर सही माझी आणि त्याच्याही वाट्यावर माझीच. बाबूला कोणी विचारलेच नसते.

मग २०१६चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा वाचून काढला. कलम १३ म्हणते, मालमत्ता बाळगण्याचा आणि वारसा मिळवण्याचा त्याला इतरांइतकाच हक्क. निर्णय घ्यायला आधार देणाऱ्याचे हितसंबंध एखाद्या व्यवहारात आड येत असतील, तर त्याने तिथे बाजूला व्हायचे. पुरेसा आधार देऊनही निर्णय जमत नसेल तरच कलम १४चे मर्यादित पालकत्व, तेही ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे. वकिलांनी कलमे नीट वाचली आणि मान्य केले, याचे मला फार बरे वाटले.

मी बाजूला झाले. बाबूच्या जुन्या शाळेतल्या बाई पुढे आल्या. त्यांना यातून काहीच मिळणार नव्हते. त्यांनी त्याला बागायतीत फिरवले, हद्दीचे दगड दाखवले, घराच्या खोल्यांचे फोटो समोर मांडले. "विकायचे का?" असे थेट विचारले की बाबू समोरच्याला खूश करायला "होय" म्हणतो. म्हणून बाई उलटसुलट विचारायच्या, वेगवेगळ्या दिवशी, आम्ही कोणी जवळ नसताना. "विकल्यावर काजू कोण वेचणार?" यावर तो दर वेळी चिडायचा. त्याला विहिरीकडचा तुकडा हवा होता, विकायचा नव्हता. दादाला सगळी बागायत एकदम विकायची होती. त्याला समजवायलाच सर्वांत जास्त वेळ गेला.

शेवटी कागद झाले. बाबूने स्वतः सही केली, बाईंनी आधार कशासाठी आणि कुठवर दिला तेही लिहून ठेवले. बाबूच्या बँकेच्या कामाला मात्र त्याच्याबरोबर मीच जाते, कारण त्या पैशांत माझा वाटा नाही.