मिनोसची शेपटी

दुपारची जेवणं आटोपून गॅलरीत बसले होते. शेजारची मांजर कठड्यावर आली, शेपटी पुढच्या पायांभोवती नीट गुंडाळून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मांजरीच्या बघण्यात तसा नेहमीच निकाल लागलेला असतो. पण मला आठवला तो मिनोस.

हा इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या काव्यातल्या नरकाचा न्यायाधीश. दुसऱ्या वर्तुळाच्या दाराशी दात विचकून गुरगुरत बसलेला. समोर मेलेल्यांची ही गर्दी. एकेक आत्मा पुढे येतो, सगळं कबूल करतो. मिनोस ऐकतो आणि शेपटी स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळायला लागतो. जितके वेढे, तितक्या क्रमांकाच्या वर्तुळात रवानगी. वकील नाही, पुढची तारीख नाही, अपील तर नाहीच. नरकाची वर्तुळं नऊ, म्हणजे शेपटी निदान नऊ वेढ्यांची हवी. एरवी तो ती ठेवतो कुठे, यावर मी बराच विचार केलेला आहे.

आपल्याकडे कसं, वही असते. आजोळी वाण्याच्या दुकानात तराजूच्या मागे ‘करणी तशी भरणी’ची तसबीर होती. मधोमध यमधर्म, शेजारी वही उघडून चित्रगुप्त, आणि भोवती चौकोनाचौकोनांत कुणाला कढईत तळतायत, कुणाला करवतीने उभं चिरतायत. आजीचं सामान बांधून होईपर्यंत मी ती तसबीर वाचायचे. कमी तोलणाऱ्याच्या शिक्षेचा चौकोन नेमका उदबत्तीच्या पुड्यांनी झाकलेला असायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं. बोलले मात्र नाही.

घरी डब्यातून लाडू उचलला की स्वयंपाकघरातून आजीचा आवाज यायचा, “चित्रगुप्त लिहितोय हो!” मला त्याची फारशी भीती वाटली नाही. लिहिणारा चुकतो. यमदूत नावाच्या घोळात भलत्यालाच उचलून नेतात आणि मग परत आणून सोडतात, ही गोष्ट आजीनेच सांगितलेली. माझ्या वर्गात माझ्या नावाच्या आणखी दोघी होत्या. त्यातली एक फारच गुणी होती. तिच्या खात्यावर माझे दोन-चार लाडू सहज खपले असते. पुढे मांडव्य ऋषींची गोष्ट वाचली आणि उरलीसुरली भीतीही गेली. लहानपणी किड्यांना काड्या टोचल्या म्हणून यमाने त्यांना सुळावर चढण्याची वेळ आणली. त्यांनी जाऊन जाब विचारला, यमालाच शाप दिला (तोच पुढे विदुर झाला) आणि वर नियम घालून दिला, की चौदा वर्षांच्या आतलं पाप धरायचं नाही. लाडू सगळे त्याआधीचे. अजूनही हॉटेलचं बिल मी वरपासून खालपर्यंत तपासते, ती सवय तेव्हाचीच असावी. शेपटीचं काय तपासणार?

बरं, मिनोसला मुळात शेपटी नव्हतीच. ग्रीक कवी होमरकडे तो सोन्याचा राजदंड घेऊन मेलेल्यांचे निवाडे करणारा भारदस्त राजा आहे. रोमन कवी व्हर्जिलकडेही त्याचं कामकाज रीतसर चालतं. क्रीटचा राजा, कायदे घालून देणारा, साक्षात झ्यूसचा मुलगा. बायकोला झालेलं बैलाच्या डोक्याचं पोर त्याने भूलभुलैयात कोंडलं आणि त्याच्या खाण्यासाठी अथेन्सकडून सात मुलगे, सात मुली मागवल्या. इथे तो फसला. ज्या गावाला भाषा आणि साहित्य आहे त्याचं वैर पत्करणं वाईट, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याच मिनोसबद्दल लिहून गेलाय. अथेन्सच्या नाटकवाल्यांनी त्याची पुरती शोभा केली. शेपटी लावायचं काम दान्तेने केलं.

आणि दान्तेवर समाधान न मानता मायकेलँजेलोने त्याला गाढवाचे कान दिले. सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवरचा ‘अंतिम न्याय’, 1536 ते 1541. उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात मिनोस उभा आहे, शेपटीऐवजी अंगाला साप, आणि तो साप चावतोय नको तिथे. चेहरा पोपच्या दरबारातल्या बियाजो दा चेझेनाचा. इतकी उघडी माणसं देवळात शोभत नाहीत, हमामखान्यात शोभतील, एवढंच तो बोलला होता. त्याने पोपकडे तक्रार केली, तेव्हा पॉल तिसरा म्हणाला म्हणे, की शुद्धिलोकात, म्हणजे पापं फेडून सुटता येतं तिथे, असतास तर काही करता आलं असतं, नरकात माझं चालत नाही. बियाजो अजून तिथेच आहे.

मिनोसचं एक बिऱ्हाड आपल्या मुंबईच्या फोर्टातही आहे. एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या या काव्याचं 14व्या शतकातलं हस्तलिखित आहे, मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याने दिलेलं. मुसोलिनीने ते विकत मागितलं आणि सोसायटीने नाही म्हटलं, असं सांगतात. त्या पायऱ्यांवर मी कितीदा नुसती वाऱ्याला बसले असेन, आत हा गुरगुरत असेल हे ध्यानीमनी नसताना.

एकदा मात्र त्याचा तोल गेलेला दिसतो. गुइदो दा मॉन्तेफेल्त्रो नावाचा लढवय्या म्हातारपणी संन्यासी झाला होता. पोप बॉनिफेसने त्याच्याकडून दगाबाजीचा सल्ला काढून घेतला, पापाची माफी आधीच देऊन. मेल्यावर सैतान त्याला न्यायला आला तो तर्कशास्त्र शिकवतच: पश्चात्ताप आणि पापाची इच्छा एकाच वेळी कशी असेल? मिनोसने आठ वेढे मारले आणि संतापाने स्वतःचीच शेपटी चावली. हे वाचल्यावर मला तो जरा आवडायला लागला. आगाऊ माफीचा राग मलाही येतो.

पण त्याला ओलांडून दान्ते पुढे जातो तर लगेच फ्रान्चेस्का भेटते. ती आणि पाओलो, दिराभावजयीचं नातं, एकत्र पुस्तक वाचत होते आणि एका पानाशी थांबले. तिच्या तोंडून ती हकीगत ऐकून दान्ते बेशुद्ध पडतो. मिनोसने ती त्याच्याही आधी ऐकली असणार. सगळं कबूल करूनच तर आत सोडतो तो. ऐकली, दोन वेढे मारले, आणि पुढच्याला बोलावलं.