प्रश्नचिन्हाचे खोके

व्हिडिओ गेममधली एखादी वस्तू वर्गासाठी करायची झाल्यास आजच्या झगमगीत खेळांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. त्यांतल्या घोड्याच्या आयाळीचा केसन्‌केस वाऱ्यावर उडतो आणि तो पुठ्ठ्यात उतरवणे दुसरीच्या शिक्षिकेच्या आवाक्यातले नाही. त्यापेक्षा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८५ साली काढलेला सुपर मारिओ ब्रदर्स बरा. त्या वेळच्या यंत्राची ऐपतच बेताची होती. सगळा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला, आणि जागा वाचावी म्हणून आकाशातल्या ढगाचाच आकार हिरवा करून खाली झुडूप म्हणून वापरलेला. खेळाचा नायक मारिओ, त्याला मिशी मिळाली, कारण मोजक्या ठिपक्यांत तोंड काढणे जमत नव्हते. टोपी मिळाली, कारण तिच्यामुळे केस काढायचे टळले. अशी काटकसर सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी आम्ही त्या खेळातले प्रश्नचिन्हाचे पिवळे खोके निवडले. मारिओ उडी मारून खालून धडक देतो आणि खोक्यातून नाणे किंवा अळंबे निघते. पडद्यावर हे खोके १६ गुणिले १६ ठिपक्यांचे असते, म्हणजे एका बाजूवर २५६ चौकोन. एक चौकोन अडीच सेंटिमीटरांचा धरला, तर बाजू नेमकी ४० सेंटिमीटर भरते. मुलांनी आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत नक्षी रंगवली, कोणत्या ओळीत कोणत्या रंगाचे किती चौकोन लागतील ते मोजले आणि मग घोटीव कागद कापायला घेतला. प्रश्नचिन्हाला वळण असते, ते असे जिन्यासारखे कसे चालेल, यावर एक मुलगी अडून बसली होती. तिला वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभे करून तिथून पाहायला सांगितले, तेव्हा तिने आपली हरकत मागे घेतली. मात्र जवळून ते चुकीचेच दिसते, हे बजावायला ती विसरली नाही.

पुठ्ठा वाण्याच्या दुकानातल्या रिकाम्या खोक्यांचा वापरला. पुठ्ठ्याच्या आतल्या कागदी लाटा उभ्या ठेवल्या तर तो भार पेलतो, आडव्या ठेवल्या तर लगेच दबतो. गोव्याच्या पावसाळ्यात तर पुठ्ठा हवेतली ओल पिऊन नरम पडतो आणि मैद्याच्या खळीला बुरशी येते. दर दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणारी वाड्यावरची मुले या कामी उपयोगी पडली. त्यांनी आत बांबूच्या कामट्यांची चौकट बसवून दिली आणि गणपतीवर फळापानांची माटोळी टांगतात तसे ते खोके वाशाला दोरीने टांगूनही दिले.

खरी पंचाईत पुढे होती. खेळात धडक खालून बसते आणि वस्तू वरून बाहेर येते, कारण तिथे गुरुत्वाकर्षण खेळ रचणाऱ्याच्या सोयीने चालते. आमच्या वर्गात पडणारी चीज खालीच पडणार. म्हणून खोक्यात पुठ्ठ्याची उतरती फळी बसवली, बाजूला तळालगत एक फट ठेवली आणि फळीवर चिठ्ठ्या रचल्या. खालून हात लागला की खोके हिंदकळते आणि एखादी चिठ्ठी घसरून बाहेर येते. कधी तीनही येतात, आणि मग त्या कोणी सोडवायच्या यावर भांडण होते. चिठ्ठीवर बेरीज, जोडाक्षर किंवा कोडे असते. चॉकलेट ठेवावे अशी सूचना आली होती, ती मी मानली नाही, कारण मग चिठ्ठ्यांकडे कोणीच पाहिले नसते. ‘हातूंत कितें आसा?’ (यात काय आहे?) असे कोंकणीत विचारत उडी मारणारे मूल पेपरमिंटच्या आशेने उडी मारणाऱ्या मुलापेक्षा मला अधिक आवडते.

पुठ्ठ्याचे अळंबेही केले. ते खाऊन मारिओ मोठा होतो, हे ऐकल्यावर रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळंबी खाऊन वाढलेली आमची मुले थोडी साशंक झाली. लाल टोपीचे आणि ठिपक्यांचे अळंबे रानात दिसले तर हात लावायचा नाही, अशी घरची ताकीद असल्याचे एकाने सांगितले. ते अळंबे आता शोभेपुरते कपाटावर ठेवले आहे.

एका पालकांनी मात्र विचारले, ‘बाई, घरात मोबाइल आहेच, आता शाळेतही गेम?’ त्यांची काळजी रास्त होती. मी त्यांना खोक्याखाली उभे केले, त्यांनी हात लावला आणि ४७ अधिक ३८ त्यांच्या पायाशी पडले. त्यांनी मान खाली घालून तोंडी हिशेब केला आणि ‘हातचा एक धरायचा ना?’ अशी माझ्याकडूनच खात्री करून घेतली.

खेळात १०० नाणी जमली की एक जीव वाढतो. तो नियम आम्ही ठेवला आहे. बरोबर उत्तराला पुठ्ठ्याचे एक नाणे, दहा नाण्यांची एक चळत, आणि दहा चळती झाल्या की साऱ्या वर्गाला मैदानावर पाच मिनिटे जास्त. दशकाची कल्पना फळ्यापेक्षा या चळतींनी लवकर पोचली, हे मान्य करायला हवे. शेजारच्या वर्गाने आता खेळातल्या हिरव्या नळाची मागणी केली आहे आणि त्यासाठी जुने पिंप मिळते का, याची चौकशी चालू आहे. त्या नळात मारिओ आत शिरतो, हे मुलांना चांगलेच माहीत असल्यामुळे पिंपाला तळ असावा की नसावा, यावर आम्हा शिक्षकांचे अजून एकमत झालेले नाही.