बंगाराचा प्रयोग बघताना नजर पायांवर ठेवा

जून-जुलैत, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, सिडनीला येणार असाल तर ऑपेरा हाउसचे बाहेरून फोटो काढून परतू नका. त्या सुमारास आतल्या ड्रामा थिएटरमध्ये बहुतेक वेळा 'बंगारा डान्स थिएटर'चा प्रयोग लागलेला असतो. ही १९८९ साली सुरू झालेली संस्था इथल्या आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या कलाकारांची आहे. २०२३ पासून तिची सूत्रं फ्रान्सिस रिंग्ज यांच्याकडे आहेत. त्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विरंगू आणि मिरनिंग लोकांपैकी.

प्रयोग साधारण तासाभराचा, बहुधा मध्यंतराशिवाय. कथा शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. हातांच्या मुद्रा वाचायची सवय असलेल्यांची तर हमखास चुकामूक होते. पायांकडे बघा.

वाळवंटातल्या बायकांच्या पारंपरिक नाचात पाऊल उचलून आपटणं फारसं नसतं. दोन्ही पाय जवळ, गुडघे किंचित वाकलेले, आणि छोट्या सरकत्या उड्या घेत पुढे जायचं. मागे वाळूत दोन समांतर चर उमटतात. भरतनाट्यमच्या अरमंडीशी (अर्धं बसून नाचायच्या ठेवणीशी) तुलना करायचा मोह होतो, पण तिथे गुडघे बाहेर उघडतात आणि तळवा जमिनीवर ताल धरतो. इथे वजन खाली सोडलेलं असतं आणि पाऊल जमीन सोडायला नाखूश असतं. रंगमंचावर हेच अवघड होऊन बसतं. वाळूत पाऊल रुततं आणि सरकतंही. गुळगुळीत आच्छादनावर घामेजलेला तळवा चिकटतो, कातडी सोलवटते. बरं, अंगाला फासलेल्या रंगाची माती-भुकटी खाली सांडली की तीच जागा निसरडी होते. म्हणून नर्तिका वजन मांड्यांत पेलून धरतात. ते जमलं नाही की नाच लगेच 'वरवरचा' दिसू लागतो.

अंगावरच्या रंगाचंही तसंच. मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाच्या ईशान्येला युटोपिया भागातल्या आन्मात्येर आणि अल्यावार या आदिवासी समाजांतल्या बायकांच्या विधीला 'अवेल्ये' म्हणतात. आधी अंगाला चरबी किंवा तेल चोळतात, मग गेरू, पिवळी माती, पांढरी माती, कोळसा यांच्या रेघा बोटांनी किंवा काडीने छाती, खांदे आणि दंडांवर ओढतात. रंगवताना गाणी चालूच असतात. चरबी कमी पडली तर माती सुकून पापुद्रे निघतात, पण ती चूक किरकोळ. मोठी चूक म्हणजे ज्या रेघांवर आपला हक्क नाही त्या अंगावर घेणं. प्रत्येक नक्षी ठरावीक जागेची आणि तिथल्या पूर्वजाची असते, मग तो एमू असो की रानातला कंद. वडिलांकडून हक्क आलेल्या बायका नाचतात, आणि आईकडून नातं असलेल्या सगळं रीतसर होतंय ना यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. लग्न झालं म्हणून माहेरच्या भूमीवरचा हा हक्क सुटत नाही. (आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव टिकवायला काय करावं लागतं, ते सांगायला नको!)

हा नाच न्यायासनासमोर पुरावा म्हणूनही उभा राहिला आहे. नॉर्दर्न टेरिटरीच्या १९७६ च्या जमीन हक्क कायद्याखाली युटोपियाचा दावा चालला, तेव्हा बायकांनी न्यायमूर्तींपुढे अवेल्ये सादर केलं. कुठल्या पाणवठ्याचं गाणं कुणाचं, हे कागदावर नव्हतंच. ते त्यांच्या अंगावर होतं. दावा मान्य झाला.

रिंग्ज यांची 'टेरेन' ही रचना २०१२ ची. विषय काटी थांडा, म्हणजेच लेक एअर: समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली असलेलं, बहुतेक काळ कोरडंठाक पडणारं मिठाचं सरोवर. त्याच वर्षी फेडरल कोर्टाने तिथल्या अरबाना लोकांचा भूमिहक्क मान्य केला. २०२३ च्या 'युल्डिया'त दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉर या सपाट, कोरड्या प्रदेशाच्या कडेचा एक पाणवठा आहे. रेल्वे आली, त्या पाण्यावर इंजिनं चालली, आणि पुढे ते पाणी गेलं. मला 'टेरेन' जास्त भावतं, कारण त्यात जमीन घडवणारी गोष्ट पाणी आहे आणि त्यासाठी थांबावं लागतं. नर्तकांनाही आणि प्रेक्षकांनाही.

जाताना एवढं ध्यानात ठेवा: सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ आदिवासी धारकांना वंदन होतं, तेव्हा खुर्च्या शोधत फिरू नका. प्रयोग चालू असताना फोटो-व्हिडिओ नाही. वाळवंटाकडे गेलात आणि बायकांचा विधी चालू असल्याचं कळलं, तर पुरुषांनी बोलावल्याशिवाय तिकडे फिरकू नये.