पळाला, निसटला की पसार झाला? इंग्रजी क्रियापद निवडताना

नाशिकच्या मराठी बातम्या इंग्रजीत करताना मला सगळ्यात जास्त अडवणारं क्रियापद म्हणजे ‘पळाला’. निफाडच्या उसातला बिबट्या पळतो, गोदाघाटावरचा पाकीटमार पळतो आणि गाडी चुकू नये म्हणून प्रवासीही सीबीएस बसस्थानकाकडे पळतच सुटतो. इंग्रजीत तिघांची क्रियापदं वेगळी.

म्हणून मी लगेच शब्दकोश उघडत नाही, आधी मराठी वाक्यच नेमकं करून घेते. ‘पळाला’ खोडायचं आणि तिथे निसटला, पळ काढला, फरार झाला, धूम ठोकली यांतलं काय बसतं ते बघायचं. हे जमलं की निम्मं काम झालं.

निसटला असेल तर एस्केप, पळ काढला असेल तर फ्ली. एस्केपमध्ये सुटका झालेली असते. फ्लीमध्ये धोक्याकडे पाठ फिरवलेली असते, पुढे सुटला की सापडला ते कळत नाही. वनविभागाच्या पिंजऱ्यातून बिबट्या गेला तर एस्केप्ड. माणसांची चाहूल लागून उसात घुसला तर फ्लेड. फ्लीचा भूतकाळ फ्लेड, फ्ल्यू नव्हे. फ्ल्यू हा फ्लायचा, म्हणजे उडण्याचा.

खरी गफलत ‘फ्रॉम’मध्ये होते. ‘एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे कैदी तुरुंगातून निसटला. ‘एस्केप्ड प्रिझन’चा अर्थ मात्र बहुतेकदा तुरुंगवास टळला असा घेतला जातो. नाशिकरोड कारागृहाच्या बातमीत एवढ्या एका शब्दाने बातमीच उलटी होईल. मृत्यू, दुखापत, शिक्षा टळली तिथे फ्रॉम नको. फ्लीला दोन्ही चालतं: फ्लेड द हाउस, फ्लेड फ्रॉम द फायर.

फरार आरोपीसाठी अ‍ॅब्स्कॉन्ड. हा कायद्याचा शब्द आहे. फरार व्यक्तीच्या उद्घोषणेचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 82 होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 84 आहे. घरातून रागावून गेलेल्या मुलाला तो लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्यासाठी रॅन अवे. परदेशी वाचक असेल तर ‘इज अ‍ॅब्स्कॉन्डिंग’ऐवजी ‘ऑन द रन’ लिहावं, ते त्याच्या सवयीचं असतं.

नुसती घाई असेल तर काम सोपं. गाडीसाठी निघालेला प्रवासी रश्ड. जखमीला तातडीने रुग्णालयात हलवलं, तर ‘वॉज रश्ड टू हॉस्पिटल’. इथे ‘हरी’ (hurry) फिकं पडतं. डॅश जवळच्या अंतराचं, रस्ता ओलांडण्याएवढं. बोल्ट म्हणजे बुजून एकदम उधळणं, टांग्याच्या घोड्यासारखं. पण ‘बोल्टेड द डोअर’ म्हणजे दाराला कडी घातली, तेव्हा पुढचं कर्म बघूनच अर्थ घ्यावा. स्प्रिंट ही थोड्या अंतराची, सगळा जोर लावून मारलेली धाव. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य मिळवलं ते 10,000 मीटरमध्ये. त्या शर्यतीला स्प्रिंट म्हणता येत नाही. अशा शर्यतीतल्या शेवटच्या मुसंडीला म्हणता येतं.