राजा आधी, प्यादं नंतर

गेल्या दिवाळीनंतर इथं सांगलीतच बुद्धिबळाची एक रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा खेळलो, शेवटच्या फेरीत समोर एक अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. डाव चांगला चाललेला, सगळी मारामारी होऊन माझ्याकडं राजा आणि एक प्यादं राहिलं, तिच्याकडं नुसता राजा. माझा राजा डी३ या घरात, प्यादं ई२ वर, तिचा राजा ई७, आणि चाल माझी. घड्याळात दोन मिनिटं होती म्हणजे वेळेचाही प्रश्न नव्हता. मी प्यादं दोन घरं पुढं ढकललं. ती जराही न गडबडता राजा समोर आणत गेली, शेवटी ई८ वर सरळ मागं घेतला आणि पॅट, म्हणजे शह नाही पण हलायलाही जागा नाही. बरोबरी. सह्या झाल्यावर ती म्हणाली, "काका, आधी राजा ई४ वर न्यायचा होता, मी ई६ ला आले असते तर मग प्यादं एकच घर, ई३."

घरी येऊन पट मांडून बघितलं, पोरगी शंभर टक्के बरोबर होती. राजा ई४, तिचा राजा ई६, आता मी प्यादं ई३ केलं की चाल तिची आणि तिला बाजूला व्हावंच लागतं, ती डावीकडं गेली की मी उजवीकडनं पुढं. ते एक घर मी हातात राखून ठेवायला पाहिजे होतं आणि मी दोन्ही घरं एकदम खर्च करून बसलो.

त्या दिवसापासून अभ्यास बदलला. त्याआधीही मी रोज खेळायचोच की, रात्री मोबाईलवर पाच-पाच मिनिटांचे आठ-दहा डाव, दोन वर्षं तेच, आणि रेटिंग आहे तिथंच. आता सकाळी साडेपाचला उठतो (मी हळदीच्या अडतीवर हिशोब बघतो, सौद्याच्या दिवसात एकदा घराबाहेर पडलं की डोकं रिकामं मिळत नाही), चहा होईपर्यंत लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर सहा-सात कोडी. फक्त सहा-सात, पण शेवटची चाल मनात दिसल्याशिवाय बोट लावायचं नाही. मग वीस मिनिटं एंडगेम (थोड्याच सोंगट्या उरल्यावरचा शेवटचा खेळ), तो खऱ्या पटावर, कारण स्क्रीनवर समोरासमोरचे राजे मला तेवढे नीट उमगत नाहीत.

संध्याकाळी मोठ्या खेळाडूंचा एक डाव. एकच, आणि इंजिन (चाली तपासणारं सॉफ्टवेअर) बंद. आधी मी लाइव्ह बघताना कोण वरचढ ते दाखवणाऱ्या त्या बाजूच्या पट्टीकडं बघत बसायचो, पट्टी खाली गेली की "चुकला!" म्हणायचं, का चुकला ते विचाराल तर सांगता येत नव्हतं. आता वहीत दोन रकाने केलेत, डावीकडं माझी चाल, उजवीकडं त्यांनी प्रत्यक्षात केलेली. आपली चाल लिहिल्याशिवाय पुढची उघडायची नाही.

असाच गुकेश आणि डिंग लिरेनच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला १४वा डाव केला, १२ डिसेंबर २०२४ चा, सिंगापूरचा. ५५व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ वर आणला. मी लिहिलं, हत्ती मारायचा, त्याचा राजा तो परत घेणार, आणि पुढं बरोबरीच होईल असं वाटत होतं. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता हे डोळ्यांना दिसत होतं पण त्याचा अर्थ लागत नव्हता. उजवा रकाना उघडला तर गुकेशनंही हत्ती मारलेला, पण राजानं तो परत घेतल्यावर लगेच उंट डी५ वर ठेवलेला! उंटाला उंट भिडवला, कोपऱ्यातल्या उंटाला पळायला जागाच नाही, म्हणजे मारामारी होणारच आणि मग राहणार नुसते राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचं एक प्यादं जास्त. ५८व्या चालीला राजा ई५ वर आणि डिंगनं डाव सोडला. १८ वर्षांचा विश्वविजेता, साडेसात–साडेसहा. मला अंगावर काटा आला, कारण शेवटची ती चाल म्हणजे राजासमोर राजा आणून उभा करणं, तेच जे मी आदल्या आठवड्यात सकाळी पटावर घोकत होतो. जागतिक स्पर्धेचा निकाल तिथं येऊन ठरला.

आपल्या सांगलीत बुद्धिबळाची परंपरा मोठी आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथं किती पोरं घडवली, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या खेळाडू इथल्याच. इथल्या पोरांना एंडगेम लहानपणापासून येतो तो उगाच नाही. मला चाळिशीत कळतोय, तरी चालेल.

चार महिन्यांत वहीतल्या दोन्ही रकान्यांत सारखी चाल येण्याचं प्रमाण वाढलंय, आधी दहातल्या तीन जुळायच्या, आता पाच-सहा. ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीला, अजून फार जुळत नाहीत, तिकडं मी सध्या लक्षच देत नाही. आता हत्तींच्या एंडगेमवर आलोय, दोन दिवस एकाच पोझिशनवर अडकलोय, हत्ती प्यादाच्या मागं ठेवायचा की बाजूनं शह देत राहायचं ते सुटत नाहीये. पट तसाच टेबलावर मांडून ठेवलाय, घरी सांगितलंय पुसताना सोंगट्या हलवू नका.